डेअरीला निघालेल्या रिकाम्या किटल्या

सुई टोचायला मी चटकन शिकले. पण ‘रोज थोडं चालत जा’ एवढं एक वाक्य माणसाच्या गळी उतरवायला माझी उभी नोकरी गेली, आणि तरीही ते पुरतं उतरलंय असं वाटत नाही.

मी आरोग्यसेविका होते. नोकरीची शेवटची वर्षं पाथर्डी तालुक्यात, तिसगावपासून आत असलेल्या एका गावाच्या उपकेंद्रावर गेली. गावाचं नाव सांगत नाही. दिवाळी अंक तिथल्या वाचनालयातही जातात आणि ज्यांच्याबद्दल लिहितेय त्या सगळ्याजणी चांगल्या धडधाकट आहेत, जाब विचारायला येतील. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक टेबल, एक खाट आणि एक सिस्टर. डॉक्टर बसतात ते मोठ्या आरोग्य केंद्रात. गावाला डॉक्टर लांबचा, सिस्टर हाकेच्या अंतरावरची. तिथं मला सगळे ‘शिष्टर’ म्हणत आणि पुढे पुढे मलाही माझं खरं नाव कुणी घेतलं की दचकायला व्हायचं.

आमचं जुनं काम बाळंतपणाचं आणि लसींचं. ते सोपं असतं असं नाही, पण त्यात माणूस ऐकतो. बाळंतिणीला दुखत असतं, म्हणून ती ऐकते. तिच्या सासूला नातवंड हवं असतं, म्हणून तीही ऐकते. मग पुढे बीपी आणि शुगर तपासायचं काम आमच्याकडं आलं आणि सगळा खेळच बदलला. शुगर असलेल्या माणसाला काही दुखत नाही. तो मजेत असतो. अशा मजेत असलेल्या माणसाला भात कमी करा, गोळी चुकवू नका, चालत जा असं सांगणाऱ्या बाईकडं तो ज्या नजरेनं बघतो, ती नजर मी फार वर्षं सोसली आहे.

एक निवृत्त गुरुजी होते. त्यांना मी चालायला सांगितलं. शिस्तीचा माणूस, दुसऱ्या दिवसापासून सुरू. महिनाभरानं पाहते तर वजन होतं तिथंच. चौकशी केली तेव्हा कळलं की गुरुजी घरापासून शाळेच्या मैदानापर्यंत मोटारसायकलवर जातात, मैदानाला एक फेरी मारतात आणि मोटारसायकलवर परत येतात. वाटेत हॉटेलात भजी. मी म्हटलं, ‘‘गुरुजी, घरापासूनच चाला ना.’’ तर म्हणाले, ‘‘रस्त्यानं पायी गेलो तर लोक म्हणतील, गाडी विकली.’’

तेव्हा मी हसले. पण गुरुजींच्या बोलण्यात मोठी गोष्ट होती, ती मला हौसाबाईंमुळे कळली.

आमच्या त्या कोरडवाहू पट्ट्यातली निम्मी घरं ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. दसरा झाला की मुकादमाची गाडी येते, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळ्या, माणसं भरतात आणि श्रीगोंद्याकडच्या नाहीतर त्याच्याही पलीकडच्या कारखान्यांच्या फडावर जातात. परत येतात ती उन्हं तापल्यावर. हौसाबाई अशाच. लग्न झाल्यापासून फडावर. नवरा वारल्यावर मुलगा अंकुश आणि सून मंगल यांच्या बरोबरीनं मोळ्या वाहत होत्या. मग गुडघ्यांनी जबाब दिला. घरात ठरलं की हौसाबाईंनी आता गावीच राहायचं आणि नात श्रावणीला सांभाळायचं, म्हणजे पोरीची शाळा बुडणार नाही. बेत चांगला होता. पण त्या हंगामात गाडी गेली आणि हौसाबाईंनी अंथरूण धरलं. पोरगी बिचारी स्वतःच भाकरी थापायची आणि आजीला चारायची. शेवटी शेजाऱ्यांनी फोन केला, अंकुश आला आणि पोरीला फडावर घेऊन गेला. तिची शाळा अर्ध्यात मोडली. तिथं ती खोपीत बसून भांडी राखायची.

ते लोक उन्हाळ्यात परतले तेव्हा अंकुश मला त्यांच्या घरी घेऊन गेला. हौसाबाई भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. बोट टोचून पाहिलं तर शुगर भरपूर.

‘‘झोप लागते का?’’ मी विचारलं.

‘‘पडून ऱ्हाते.’’

‘‘जेवण जातं?’’

‘‘जातं न जातं.’’

‘‘काय होतंय नेमकं?’’

‘‘काय बी न्हाई हुत. कायच न्हाई हुत, शिष्टर.’’

बाहेर आल्यावर अंकुशनं मला स्पष्ट सांगितलं, ‘‘आईचं नीट झालं तर पोरगी हितं ऱ्हाईल. न्हाईतर दसऱ्याला तिला संगं न्यावी लागंल. आमाला काय हौस हाय का? पन हितं कुनाच्या जिवावर सोडू?’’

तो खरं बोलत होता. आमच्या भागात पोरीला शाळेतून कुणी काढत नाही. एक हंगाम बुडतो, मग दुसरा बुडतो, मग तिची तिलाच वर्गात बसायची लाज वाटायला लागते. श्रावणी सहावीत होती. मनातल्या मनात मी दसऱ्यापर्यंतचे महिने मोजले.

शुगरवर गोळी होती, डॉक्टरांना दाखवून ती सुरू केली. पण शुगर हा निम्माच आजार होता हे मला दिसत होतं. जी बाई जन्मभर अंधारात उठून कामाला लागली, तिला आता उठायचं कारणच उरलं नव्हतं. शरीर बसलं आणि त्याच्या मागोमाग मनही बसलं. डॉक्टरही म्हणाले, त्यांना आधी घराबाहेर काढा. म्हणून मी हौसाबाईंना म्हटलं, ‘‘सकाळी उठून चालायला जायचं.’’

त्या पहिल्यांदा हसल्या. ‘‘आजून ऱ्हायलंय व्हय चालायचं?’’

पण नातीचं नाव काढलं तेव्हा कबूल झाल्या.

आता इथं एक गोष्ट शहरातल्या वाचकांना सांगायला हवी. आमच्याकडं वाटेनं निघालेल्या माणसाला ‘कुठं’ असं विचारत नाहीत. ‘कुठं’ म्हटलं की काम होत नाही, अपशकुन. म्हणून विचारायचं, ‘लांबवर का?’ आणि विचारायचं मात्र नक्की. न विचारता पुढं जाणं म्हणजे माणसाला किंमत न देणं. त्यावर निघालेला माणूस सांगतो, पिठाला चाललोय, बँकेत चाललोय, मळ्यात चाललोय. ‘उगीचच चाललोय’ हे उत्तर त्या गावात कधी कुणी दिलेलंच नव्हतं.

हौसाबाईंनी ते दिलं. पहिल्याच दिवशी उजाडता उजाडता त्या निघाल्या. हातात काही नाही, डोक्यावर काही नाही. चालीचं म्हणाल तर फडावरच्या बाईला एकच चाल माहीत असते, झपाझप. रस्ता निवडला तोही विहिरीकडचा. गोठ्यापाशी उभ्या असलेल्या एकानं विचारलं, ‘‘काकी, लांबवर का?’’

‘‘न्हाई रं. उगंच.’’

तो माणूस हादरला. महिनोन्महिने अंथरुणाला खिळलेली बाई, अशा वेळी, मोकळ्या हातांनी, विहिरीच्या वाटेला, आणि म्हणते उगंच. त्यानं आणखी दोघांना हाका मारल्या आणि तिघं मागे धावले. हौसाबाईंनी वळून पाहिलं तर तीन बापे जिवाच्या आकांतानं आपल्याच दिशेनं पळत येताहेत. त्या भागात अशा वेळी मनात एकच गोष्ट येते, बिबट्या. त्यांनी पदर खोचला आणि त्याही पळत सुटल्या. त्या पळतात म्हणून हे जोरात पळतात, हे जोरात पळतात म्हणून त्या आणखी जोरात. विहीर आली आणि मागं गेली, तरी हौसाबाई थांबेनात, तेव्हा कुठं त्या तिघांना जरा शंका आली.

‘‘काकी, थांबा, इहीर मागं ऱ्हायली,’’ एकजण ओरडला म्हणे.

गुडघ्याचं दुखणं असलेली बाई तीन तरण्या गड्यांना सापडली नाही, हे ऐकून मला मनातून फार आनंद झाला. पण तो फार वेळ टिकला नाही. गावानं दुपारपर्यंत आपला निकाल लावला होता: सुनेनं छळ केला, म्हणून सासू जीव द्यायला निघाली. संध्याकाळी मंगल उपकेंद्राच्या दारात उभी. डोळे रडून सुजलेले.

‘‘शिष्टर, तुमी त्यांना चालाय सांगितलं आन् गावानं माजी साल काढली. माज्या माहेरापातुर फोन गेलाय. आता काय त्या भायेर जायच्या न्हाईत. म्या न्हाई जाऊ देनार.’’

मी तिला समजावलं, शुगर काय, मन काय, सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती आणि मान हलवत होती. नाही म्हणजे नाही. मला राग आला, तिचा नाही, त्या सगळ्या गावाचा. एखाद्या बाईला आपल्या पायांनी, आपल्या तब्येतीसाठी, फुकट मिळणारी हवा खायला बाहेर पडायची सोय नसावी? पुरुष पारावर दिवसभर बसून राहिला तरी त्याला कुणी विचारत नाही, बाई दोन पावलं चालली की पंचायत बसते. मी बरंच काही बोलले. मंगलनं सगळं शांतपणे ऐकलं. मग नाक पुसून म्हणाली, ‘‘मोकळ्या हातानं गेल्या म्हनून झालं सगळं. हातात कायतरी असतं तर कोन कशाला बोलतंय?’’

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी तिच्याकडं. दोघींच्याही डोक्यात एकदमच काहीतरी हललं.

दुसऱ्या दिवशी मंगलनं सासूच्या हातात दुधाची किटली दिली. त्यांची म्हैस आटलेली होती, किटलीत दुधाचा थेंब नव्हता. पण सकाळच्या वेळी किटली घेऊन निघालेल्या बाईला आमच्याकडं कुणी काही विचारत नाही. ती डेअरीला चाललेली असते. विचारलंच कुणी तर उत्तर तयार. हौसाबाई गावातून निघाल्या, डेअरीवरून पुढं फाट्याच्या रस्त्याला लागल्या, फाट्यापर्यंत गेल्या आणि परत आल्या. गावाला पत्ता नाही.

गोळी घेऊन चालणाऱ्या माणसाची शुगर कधी कधी एकदम उतरते, घाम फुटतो, गरगरतं. म्हणून जवळ काहीतरी गोड ठेवायला मी सांगत असे. हौसाबाईंनी किटलीत खडीसाखर ठेवली. ती वाजायची म्हणून भोवती फडकं गुंडाळलं.

पंधरा-वीस दिवसांत शेजारच्या दोघीजणी माझ्याकडं आल्या. एकीला बीपी, एकीचं वजन. हौसाबाईंची चाल बघून त्यांना सुगावा लागला होता. ‘‘आमी बी किटली घिऊ का, शिष्टर?’’ मग त्यांच्या जावा, मग जावांच्या शेजारणी. पुढं पुढं सकाळी किटल्यांची रांगच लागायची. जिचं दूध खरंच डेअरीला जायचं तीसुद्धा एक भरलेली किटली तिथं रिकामी करून पुढं चालू लागे. मी एकदा त्यांच्याबरोबर गेले तेव्हा पाहिलं, त्या चालतात कमी आणि बोलतात जास्त. सासवा, सुना, गुडघे, मोबाईलवर आलेले व्हिडिओ, सगळं त्या रस्त्यावर निघायचं. हौसाबाई सगळ्यांच्या पुढं. मध्येच मागं वळून कुणाला तरी चिडवायच्या. त्यांना मी चिडवताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मनाचं औषध आमच्या उपकेंद्राच्या कपाटात नव्हतं, ते फाट्याच्या रस्त्यावर सापडलं, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

पण डेअरीवाले बबनआप्पा बेचैन झाले. रोज इतक्या किटल्या आपल्या दारावरून जातात आणि आपल्या काट्यावर काही येत नाही. फाट्यावर नवी डेअरी निघाल्याची कुणकुण त्यांना होतीच. त्यांची खात्री पटली की गावातलं दूध फुटून तिकडं चाललंय. एक दिवस ते रस्त्यात आडवे उभे राहिले. त्या दिवशी मीही त्या बायांबरोबर होते.

‘‘कवापास्नं चाललंय ह्ये?’’ आप्पांचा आवाज चढला होता. ‘‘इतकी वर्सं दूध घेतलं तुमचं. काय कमी केलं म्या?’’

आप्पांनी समोरच्या बाईची किटली घेतली आणि झाकण उघडलं. आत फुटाणे. दुसरी उघडली. तिच्यात मोबाईल होता आणि त्यावर भजन लावलेलं. किटलीत मोबाईल ठेवला की आवाज मोठा होतो, हा त्या बाईचा शोध. झाकण निघालं तसा अभंग एकदम रस्ताभर घुमला. तिसऱ्या किटलीत पांढरे बूट. त्या बाईच्या मुलानं नगरहून आणलेले. नऊवारीवर बूट घालून गावातून जायची लाज वाटते, म्हणून ती वेस ओलांडली की घालायची. चौथी हौसाबाईंची.

‘‘खडीसाखर हाय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘घ्या आप्पा, तोंड गोड करा.’’

आप्पांनी किटलीत डोकावून पाहिलं. मग त्यांना हसू फुटलं, इतकं की रस्त्याकडेच्या दगडावर बसावं लागलं. बसले ते बसलेच, उठताना धाप लागली. मी तिथल्या तिथं पिशवीतून यंत्र काढून त्यांचं बीपी घेतलं. ते चांगलंच वाढलेलं निघालं. दुसऱ्या दिवसापासून आप्पाही आमच्या मागून चालायला लागले, सभ्य अंतर ठेवून.

आता सगळ्या गावाला कळलं होतं. किटलीची गरज संपली. पण ‘डेअरीला जाणं’ हा शब्द राहिला. त्या गावात ‘काकी, लांबवर का?’ला ‘डेअरीला’ असं उत्तर आलं आणि हातात किटली नसली, की समजायचं, बाई फिरायला निघाली. गुरुजीसुद्धा मोटारसायकल घरी ठेवून डेअरीला जाऊ लागले, फक्त भज्यांचं काही मला जमलं नाही. खाण्याच्या बाबतीत मी फार बोलतही नसे. मी ख्रिस्ती. गावातल्या दिवाळीच्या करंज्या माझ्या घरी येतात आणि महिन्या-दीड महिन्यानं आमच्या नाताळच्या करंज्या त्यांच्या घरी जातात. दोन्हीकडून खाणाऱ्या बाईनं भाषण कुणाला द्यायचं?

भाद्रपदात हौसाबाईंची शुगर चांगली उतरली. अंकुशनं स्वतः येऊन विचारलं, मी सांगितलं, आणि त्याचा चेहरा सैल झाला. आणि मग नवरात्र आलं.

आमच्या भागात देवीचं मोठं प्रस्थ. बायका नऊ दिवस उपास धरतात. उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, बटाटा, वरई, केळी. शुगरच्या माणसानं भाकरी सोडून हे खायचं म्हणजे वैऱ्याला घरात बोलावून पाट मांडण्यासारखं. मी सांगितलं होतं. हौसाबाईंनी ऐकलं होतं. पण देवीपुढं शिष्टर कोण? दसऱ्यानंतर, गाडी यायच्या आदल्या दिवशी, मी त्यांच्या घरी जाऊन बोट टोचलं आणि यंत्रावरचा आकडा पाहून दुसरं बोट टोचलं, तरी आकडा तोच. तो उन्हाळ्यातल्या आकड्याच्या फार खाली नव्हता.

अंकुश समोरच उभा होता. खोटं सांगायचा मोह मला झाला, हे इथं लिहायला हरकत नाही. पण खोटं सांगून पोरीच्या जिवाची जोखीम मी कशी घेणार होते? मी आकडा सांगितला.

‘‘म्हंजे व्हतं तिथंच आलं,’’ तो म्हणाला. मंगलकडं न बघता बोलला, ‘‘पोरीची कापडं भर.’’

श्रावणी दारात पाटी-दप्तर घेऊन बसली होती. तिनं मान वर केली नाही. मंगलनं खुंटीवरचे तिचे दोन फ्रॉक काढले आणि गाठोड्यात घातले. मी सांगत होते की हे साबुदाण्याचं आहे, आठवडाभरात उतरेल, गोळी चालू आहे. पण अंकुशनं गेल्या वर्षी आईला भिंतीकडं तोंड करून पडलेलं पाहिलं होतं, आणि भाकरी करताना भाजलेला पोरीचा हात पाहिला होता. त्याला माझा हिशोब कसा पटावा?

तेव्हा हौसाबाई उठल्या. मुलाच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

‘‘मशिनला काय इचारतो रं अंकुश? मला इचार की.’’

अंकुशनं यंत्रावरची नजर काढून आईकडं पाहिलं.

‘‘साबुदाना म्या खाल्ला. चुकी झाली. उद्यापास्नं भाकरी. पन गेल्या साली मला सकाळ झाली तरी उठावंसं वाटत न्हवतं. पोरगी भुकंली हाय हे दिसत हुतं आन् तरी उठावंसं वाटत न्हवतं. आवंदा वाटतंय.’’

इतकं बोलून त्या थांबल्या. एवढं सलग बोललेलं घरात कुणी ऐकलं नसावं. अंकुशनं विचारलं, ‘‘आन् रातीअपराती काय झालं तर?’’

यावर उत्तर मंगलनं दिलं. ‘‘सकाळी दारात दहा बाया हुब्या ऱ्हात्यात त्यांना न्यायाला. ह्या न्हाई उठल्या तर त्या दार मोडून आत येतील. तुमाला ठावं न्हाई त्या कशा हायेत.’’ आणि तिनं गाठोडं सोडलं, दोन्ही फ्रॉक काढले आणि परत खुंटीला लावले. अंकुशनं ते गाठोडं तिच्याकडून घेतलं आणि पुन्हा बांधलं. नवऱ्याला न विचारता मंगलनं केलेलं ते काम मी पाहिलं, आणि तिच्याबद्दल मला जे वाटलं ते मी तिला कधी सांगितलं नाही. इथं सांगते. मला तिचा फार अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली. ट्रॉलीत सगळ्यांचे संसार चढले. मंगल वर बसूनही सासूला सांगत होती, ‘‘आत्या, गोळी. आत्या, पोरीला वेणी घट घाला. आत्या, रातचं दार.’’ ट्रॅक्टर हलला, वळणावर धूळ उडाली आणि मग धूळही खाली बसली. हौसाबाई तशाच उभ्या. मला वाटलं, आता बसतात की काय ह्या खाली. मी त्यांच्या जवळ गेले.

‘‘शिष्टर,’’ त्या म्हणाल्या, ‘‘ही गाडी जाताना कशी दिसती, मला ठावंच न्हवतं. म्या जल्मभर वरच बसलेली. आन् गेल्या साली घराच्या भायेर आलेच न्हवते.’’

श्रावणीनं आजीचा हात धरला आणि तिच्याकडं वर बघितलं. हौसाबाईंनी पदरानं आधी पोरीचं तोंड पुसलं, मग स्वतःचं.

‘‘चल, शाळंला उशीर हुईल,’’ त्या म्हणाल्या, आणि दोघी निघाल्या. मीही त्यांच्याबरोबर शाळेपर्यंत जायचं ठरवलं. पण आजीची ती फडावरची चाल, आणि नात तिच्यापेक्षा झपाझप. देवळापर्यंत येता येताच मला दम लागला. ‘‘अहो, जरा हळू,’’ मी मागून हाक मारली. दोघींपैकी एकीनंही ऐकलं नाही.